रतीब

दूधवाल्याला सांगतात तसंच सांगितलं:
उद्यापासून घाल.
नाव विचारलं नाही त्याने, जन्मतारीख नाही,
पत्ता दिला तोही त्यांचा, माझा नव्हे.
नारिंगी चौकोन, कोपऱ्यात टिंब, दोन पाव वर्तुळं,
तळ्याच्या कोपऱ्यात कुणी खडा टाकावा तसं चिन्ह.
ते दिसलं की तिथे फीड आहे, रतीब लावता येतो.

बॅलार्ड पिअरला तिसऱ्या मजल्यावर
क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत बसते मी.
सव्वानऊला, पंखा लावायच्याही आधी बघून घेते
त्रेचाळीस घरचं दूध एका पातेल्यात:
कस्टम्सची परिपत्रकं,
धक्क्याला कुठलं जहाज लागलं, कुठलं बाहेर ताटकळतंय,
एम वॉर्डात पाणी कधी नाही,
चुनाभट्टीच्या एका बाईंच्या पाककृती, बहुतेक फसलेल्या,
आणि नेरकर.

शेजारच्या टेबलावर विभावरी
अंगठ्याने फोन वर वर सरकवत असते.
तिच्या पंगतीला वाढपी आहे.
काल जिलबीकडे जरा बघितलं तिने,
आज पानभर जिलबीच.
माझ्याकडे वाढपी नाही.
जे आलं ते आल्या क्रमाने,
आणि संपलं की खरंच संपतं.
तळ दिसतो पातेल्याचा. मग मी पंखा लावते.

तर नेरकर. दिगंबर नेरकर, माझगाव.
शहरातल्या जुन्या दगडी पाणपोयांची नोंद ठेवतात.
कधी भेटले नाही. चेहरा माहीत नाही.
दर शनिवारी पायी एक पाणपोई, दोन-तीन ओळी:
'मशीद बंदर. नळ चोरीला. गळती नाही, कारण पाणी नाही.'
'भायखळा. आत चपलांचं दुकान. दुकानदाराने पाणी दिलं, बाटलीतलं.'
'काळबादेवी. वरचा दगडी पोपट शाबूत. चोच नाही.'

मार्चमध्ये थांबलं.

एप्रिलात वाटलं, ऊन असेल.
जूनमध्ये वाटलं, छत्री धरून कोण लिहितं.
नंतर वाटायचं ते मी वाटू दिलं नाही.

लोकांना वाटतं दूध दारात येतं.
खरं तर आपलंच भांडं जातं तिथवर,
दर तासाला, रात्रीसुद्धा, विचारतं: काही नवीन?
सात महिने माझं भांडं माझगावला जाऊन
रिकामं परत आलं, न रागावता.
उत्तर एकच: बदल नाही.
पण उत्तर येत होतं.
म्हणजे दार होतं. म्हणजे जागेचं भाडं
कोणीतरी भरत होतं.

मुलगा म्हणाला, बंद पडलेली काढून टाक ना,
यादी हलकी होईल.
यंत्रही एकदा अदबीने म्हणालं तेच.

वडील गेले त्या आठवड्यात
आईने दार अर्धंच उघडून सांगितलं होतं,
उद्यापासून अर्धा लिटर कमी.
दूधवाल्याने काही विचारलं नाही.
माप मात्र चुकलं त्याचं पुढचे दोन दिवस,
आणि जास्तीचं दूध आईने
विरजण लावून ठेवलं, न बोलता.

मी यादीत हात घातला नाही.
नेरकर तळाशी राहिले, फिकट अक्षरांत,
चुनाभट्टीच्या करपलेल्या अनारशांखाली.

काल, मंगळवारी (शनिवारही नव्हता),
कोलंबोहून आलेल्या कंटेनरच्या कागदांत
वजनाचा आकडा जुळत नव्हता,
फोनवर गोदामवाला ओरडत होता,
आणि तळाशी ठळक अक्षरांत एक.
नेरकर: 'बझारगेट. पाणी आहे.'

उघडलं नाही लगेच.
चार वाजेपर्यंत तसंच ठळक राहू दिलं.
आकडा जुळवला, गोदामवाल्याला ओरडू दिलं,
विभावरीने विचारलं, हसतेस काय,
म्हटलं, वजन जुळलं.

मग चहा आला. मग उघडलं.

'बझारगेट. पाणी आहे.
नळ नवा बसवलाय. माझा गुडघाही.
दोन्ही अजून जरा घट्ट फिरतात.'